बंद खाणीचा कडा कोणाच्या भरवशावर?

आपल्या हैदराबादेत खडक ही काही नवलाची गोष्ट नाही. शहरातून कोणत्याही बाजूने बाहेर पडा, कोणी एकावर एक रचून ठेवावेत तसे ग्रॅनाइटचे धोंडे दिसतात. त्यांच्याच शेजारी कुठेतरी अर्धा कापलेला टेकडीचा माथा, तळाशी साचलेले हिरवे पाणी आणि वर सरळ तुटलेली भिंत दिसते. ती जुनी दगडखाण. गोवळकोंड्याचा तट असो की उस्मानिया विद्यापीठाचे कला महाविद्यालय, हे वैभव ग्रॅनाइटचेच आहे. निजामी अमदानीत इथे येऊन स्थिरावलेल्या आपल्या कित्येक घरांची जोतीही याच दगडाची आहेत.

अलीकडे या बंद खाणींकडे तरुण मुलामुलींची पावले वळू लागली आहेत. पूर्वी मुले तिथे पोहायला जात, आता दोर आणि हेल्मेट घेऊन प्रस्तरारोहणाला जातात. घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "दोर पक्का आहे ना?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. दोर ज्या बोल्टला अडकवला तो बोल्ट कशात बसवला आहे, आणि तो कडा कोणाच्या देखभालीवर उभा आहे, हे विचारायला हवे. आम्ही राज्य शासनाच्या बांधकाम खात्यात आहोत. स्थापत्य शाखेची पदविका घेतली आणि पुढे वीस वर्षे दगड, खडी, सिमेंट यांच्या संगतीत काढली. त्या अनुभवातून एक गोष्ट ठामपणे सांगता येते: कोणतेही बांधकाम देखभालीवर टिकते. खाणीच्या कड्यालाही हेच लागू आहे आणि त्याचा पुरावा इतिहासात सापडतो. त्यासाठी वेल्समधल्या डिनॉर्विग या पाटीच्या दगडाच्या खाणीची कथा सांगत आहोत. ती खाण सुरू झाली, वाढली, ढासळली, बंद पडली आणि शेवटी आरोहकांची झाली. ही सारी साखळी तिथे सुमारे दोनशे वर्षांत पुरी झाली आणि तिची नोंदही नीट राहिली.

डोंगराचा कडा आणि खाणीचा कडा

आधी मूळ फरक समजून घेऊ. डोंगराचा नैसर्गिक कडा हजारो वर्षे ऊन, वारा, पाऊस सोसत उभा असतो. त्यात जे पडायचे ते बहुतांशी पडून गेलेले असते. खाणीचा कडा मात्र कालचा. तो माणसाने सुरुंग लावून उघडा पाडलेला असतो. सुरुंगाचा दणका जेवढा दगड बाहेर काढतो त्याहून थोडा अधिक दगड आत खिळखिळा करून ठेवतो. वरचा भार एकदम निघून गेल्यामुळे आतला खडकही हळूहळू सैल होतो आणि त्यात पृष्ठभागाला समांतर भेगा पडतात. ग्रॅनाइटमध्ये तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटतात.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. खाणकामगाराला जातिवंत दगड हवा असतो आणि तो तेवढा काढून नेतो. भेगाळलेला, मातीचे पट्टे असलेला, तिरका फुटणारा दगड तो सोडून देतो. म्हणजे खाण बंद झाल्यावर जी भिंत मागे उरते, ती बऱ्याचदा जाणकारांनी नाकारलेली असते. आपण चढायला जातो ते नेमके तिच्यावर. दुरून डोंगर साजरे म्हणतात, खाणीचा कडा तर दुरून फारच साजरा दिसतो. सपाट, गुळगुळीत, जणू भिंतच. त्या सपाटीमागे काय आहे ते जवळ जाऊन ठोकल्याशिवाय कळत नाही.

डिनॉर्विग: तीन हजार हातांची खाण

उत्तर वेल्समध्ये ल्हानबेरिस गावाजवळ एलिदिर नावाचा डोंगर आहे. त्याच्या अंगातला पाटीचा दगड सुमारे पन्नास कोटी वर्षांचा. त्याचा गुण असा की योग्य दिशेने छिन्नी लावली तर पातळ, सरळ पत्रे सुटतात. अशा पाट्यांनी इंग्लंडातली असंख्य घरे शाकारली गेली. १७८७ साली इथे मोठ्या प्रमाणावर काम सुरू झाले. जमीन वेनॉल जहागिरीच्या असेटन स्मिथ घराण्याची होती. भरभराटीच्या काळात तीन हजारांहून अधिक माणसे इथे राबत होती. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत नेला होता आणि एकेक पायरी म्हणजे पंधरा-वीस मीटर उंचीची भिंत.

कामाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. कामगारांच्या लहान टोळीला कड्याचा सुमारे सहा यार्ड रुंदीचा पट्टा ठेक्याने मिळे. दगडाचा कस पाहून त्याचा दर दर महिन्याला ठरे. त्या टोळीतले कडेकरी मांडीभोवती दोर किंवा साखळी गुंडाळून कड्यावर लटकत, पहारीने भोके पाडत, सुरुंग भरत. जोरदार स्फोटकांनी पाटीचा चुरा होतो म्हणून साधी काळी दारू वापरत. स्फोटाच्या वेळा ठरलेल्या असत. इशारा झाला की सगळे दगडी आडोशांत शिरत. स्फोट झाल्यावर कडेकरी पुन्हा दोरावर चढे, भिंत ठोकून पाही आणि सुटलेले दगड पहारीने खाली पाडी. हे पाडणे रोजच्या कामातलेच होते. ज्या पट्ट्याखाली आपल्याला महिनाभर उभे राहायचे, त्यातला कोणता दगड हलतो हे त्याला आपल्या घराच्या आढ्याइतके ठाऊक असे.

याचा अर्थ काम सुरक्षित होते असा नाही. अपघात होत, फुप्फुसात धूळ साचून माणसे खंगत. १८६० साली खाणीने स्वतःचे इस्पितळ बांधले, त्यावरूनच कल्पना यावी. पण कड्याला धनी होता, हा मुद्दा आहे. जेवणाच्या सुट्टीत हे कामगार 'कबान' नावाच्या खोपटात जमत. तिथे राजकारणावर वाद रंगत, कविता म्हणत, गाण्याच्या स्पर्धा होत, सगळे आपल्या वेल्श भाषेत. परभाषेच्या मुलखात राहून मंडळ चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यांचे हे खोपटे परके वाटू नये. त्याच खोपट्यात कोणत्या पायरीवर काल दगड सुटला, कुठे पाणी झिरपू लागले, ही बातमीही एका टोळीकडून दुसरीकडे जात असणार. कड्याचे ज्ञान असे माणसांच्या बोलण्यात जिवंत होते.

१९६६ आणि त्यानंतर

पाटीच्या धंद्यात टाकाऊ माल अफाट निघतो. एक टन विक्रीयोग्य पाट्यांमागे दहा टन किंवा त्याहूनही अधिक. डिनॉर्विगमध्ये हा टाकाऊ दगड वर्षानुवर्षे जिथे जागा मिळेल तिथे, उतारावर ओतला गेला. पुढच्या पिढीच्या कामाचे नियोजन मागे पडले. शेवटी १९६६ साली खाणीत मोठी दरड कोसळली आणि उत्पादन जवळजवळ थांबले. ऑगस्ट १९६९ मध्ये खाण कायमची बंद झाली. तीनशेहून अधिक कामगारांची रोजी एका दिवसात गेली.

त्याच १९६६ साली, २१ ऑक्टोबरला, दक्षिण वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावावर कोळसाखाणीचा टाकाऊ मालाचा ढीग घसरून आला. झऱ्यावर रचलेला तो ढीग पावसाने चिखल होऊन थेट शाळेवर गेला. १४४ माणसे दगावली, त्यांत ११६ मुले होती. त्यानंतर १९६९ मध्ये खाणींच्या ढिगाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याआधीच्या १९५४ च्या कायद्यात सोडून दिलेल्या खाणींना कुंपण घालण्याची तरतूद होती. आपल्याकडेही १९५२ चा खाण अधिनियम आणि १९६१ ची धातुखाणींची नियमावली झाली. उघड्या खाणीची बाजू पायऱ्यापायऱ्यांची किंवा उताराची ठेवावी, वर लोंबता दगड राहू देऊ नये, असे ती सांगते. हे सगळे नियम प्रामुख्याने खाण चालू असतानाचे. बंद झाल्यावर कायद्याचा हात फार तर कुंपणापर्यंत पोहोचतो. कुंपण माणसाला बाहेर ठेवते, पण आतला दगड धरून ठेवत नाही.

खाण बंद झाली तेव्हा कड्यावरचा कडेकरीही गेला. पहारीने ठोकून पाहणारा हात थांबला. थंडी मात्र थांबली नाही. भेगेत शिरलेले पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि पाचरीसारखे दगड रेटते. दर हिवाळ्यात पाचर थोडी आत जाते आणि उन्हाळ्यात दगड सुटतो. पुढे खाणीच्या जुन्या कर्मशाळेत १९७२ साली संग्रहालय उघडले. डोंगराच्या पोटात वीजकेंद्र झाले, ते १९८४ मध्ये सुरू झाले. २०२१ मध्ये वायव्य वेल्सच्या साऱ्या पाटी-प्रदेशाला युनेस्कोचा जागतिक वारसा लाभला. इमारतींना नवे धनी मिळाले. कड्यांना मात्र वेगळ्याच माणसांनी आपलेसे केले.

खाणीत आलेली नवी माणसे

१९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये बेकारी वाढली होती. ल्हानबेरिसमध्ये राहून भत्त्यावर गुजराण करणारे कितीतरी तरुण दिवसभर डोंगरात असत. उंच डोंगरावर पाऊस पडत असला तरी खाणीतली पाटी लवकर वाळते, हे त्यांच्या ध्यानात आले. १९८१ साली स्टीव्ही हेस्टनने विवियन खाणीत 'कम्स द डर्विश' हा मार्ग चढला. एका केसासारख्या भेगेत धातूच्या बारीक पाचरा अडकवत जाणारा तो मार्ग होता. मग या सपाट कड्यांवर आरोहकांची रीघ लागली. १९८६ मध्ये जॉनी डॉव्जने टूल मौर, म्हणजे 'मोठे विवर', या खड्ड्याच्या भिंतीवर 'द क्वारीमन' हा अवघड मार्ग पुरा केला. मार्गाला खाणकामगाराचेच नाव दिले, ही बाब आम्हाला अर्थपूर्ण वाटते.

या तरुणांना तिथे जुन्या साखळ्या, गंजक्या शिड्या, लटकलेले रूळ आणि सुरुंगाची अर्धी भोके सापडली. भेगा थोड्या असल्यामुळे पाचरा अडकवायला जागा नव्हती, म्हणून बोल्ट मारावे लागले. पण बोल्ट महाग होते, हाताने भोक पाडायला वेळ लागे, आणि जास्त बोल्ट मारणे हे कमीपणाचे मानले जाई. त्यामुळे दोन बोल्टमधले अंतर फार असे. एका पिढीने जोखमीला शौर्य मानले. पुढच्या पिढीला तेच बारीक, गंजलेले बोल्ट वारसा म्हणून मिळाले.

बोल्टची गोष्ट

उस्मानियाच्या कला महाविद्यालयाचे उद्घाटन झाले त्याच वर्षी, १९३९ मध्ये, अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉक या सुळक्यावर चार आरोहकांनी प्रसरण पावणारे बोल्ट वापरले. अमेरिकी आरोहणातला तो पहिला वापर मानतात. तत्त्व सोपे आहे आणि आम्हा बांधकामवाल्यांच्या रोजच्या ओळखीचे आहे. भोकात बोल्ट घालायचा, नट आवळला की मागचा शंकू बाहीला फुगवतो आणि बोल्ट भोकाच्या भिंतीला दाबून धरतो. दुसरा प्रकार रासायनिक डिंकाने चिकटवायचा. १९८० च्या दशकात बॅटरीवर चालणारे ड्रिल आले आणि अर्ध्या तासाचे भोक एका मिनिटात पडू लागले. बोल्ट मारणे सोपे झाले. ते मारल्यावर त्यांच्याकडे पाहत राहण्याचे काम मात्र पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले.

आज आरोहणाच्या बोल्टसाठी ईएन ९५९ हे युरोपीय मानक आहे. कड्याला समांतर ओढ दिली तर बोल्टने २५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टनांचा भार सोसला पाहिजे. आकडा ऐकून जिवाला धीर येतो. पण ही चाचणी एकसंध, मजबूत काँक्रीटच्या ठोकळ्यात घेतली जाते. बोल्ट अडीच टन धरेल. तो ज्या दगडात बसवला आहे तो दगड किती धरेल, हे प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. खाणीत धोका बहुधा इथेच असतो. बोल्ट आणि भोक दोन्ही ठीक असतात, पण तो सगळा ठोकळाच मागच्या भिंतीपासून सुटलेला असतो. जामीनदार भक्कम असून काय उपयोग, त्याच्याच पायाखालची जमीन सरकती असेल तर?

बोल्टच्या स्वतःच्याही व्याधी आहेत. स्टेनलेसचा हँगर आणि जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट असे दोन वेगळे धातू एकत्र आले की ओलाव्यात गंज झपाट्याने धरतो, आणि तो बाहेर दिसण्याआधी भोकाच्या आत पसरतो. मऊ दगडात नट गरजेपेक्षा जास्त आवळला तर दगड आतूनच चिरडतो. भोकातली भुकटी नीट साफ केली नाही तर डिंक धरत नाही. कडेच्या फार जवळ मारलेला बोल्ट कोपराच उडवतो. समुद्रकाठी तर साधे स्टेनलेसही पुरत नाही. थायलंडच्या किनाऱ्यावरील चुनखडीच्या कड्यांवर टायटॅनियमचे बोल्ट बसवण्याची वेळ आली. गोवा-कोकणातल्या आपल्या बांधवांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

देखभाल कोणी करायची?

ब्रिटनमध्ये या प्रश्नाचे उत्तर हळूहळू मिळाले आणि ते सरकारी नव्हते. ठिकठिकाणी स्थानिक आरोहकांनी 'बोल्ट निधी' उभारले. वर्गणी काढायची, चांगले बोल्ट घ्यायचे, जाणत्या स्वयंसेवकांनी जुने काढून नवे बसवायचे. डिनॉर्विगच्या पाटीवरचे कितीतरी मार्ग अशा स्वयंसेवकांच्या कष्टावर उभे आहेत. डर्बीशायरमधली हॉर्सशू ही चुनखडीची जुनी खाण तर ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिलने २००५ मध्ये विकतच घेतली. आरोहकांची संस्था खाणीची मालक झाली, म्हणजे सैल दगडाची जबाबदारीही तिच्या दाराशी आली. खाणकामगाराने खाली ठेवलेली पहार त्यांनी उचलली, असे म्हणायला हरकत नाही.

हे आपल्या परंपरेला नवीन नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर पाण्याची टाकी खोदली आणि त्यातून निघालेला दगड तटाला लावला. किल्ल्यावरचे टाके म्हणजे एका परीने जुनी खाणच. ती शेकडो वर्षे टिकली, कारण गाळ काढणारी, झाडे उपटणारी माणसे गडावर होती. माणसे गेली आणि तटात पिंपळ रुजला. आज सह्याद्रीतल्या सुळक्यांवर मागच्या पिढीने हाताने ठोकलेले बोल्ट गंजले आहेत, आणि महाराष्ट्रातल्या आरोहकांनी ते बदलून स्टेनलेसचे बसवण्याचे काम हाती घेतले आहे. फारशी प्रसिद्धी नसलेले हे काम आम्हाला एखाद्या नव्या चढाईइतकेच मोलाचे वाटते.

आपल्या खाणींपुरते

हैदराबादच्या ग्रॅनाइटला बर्फाची भीती नाही. त्याचे शत्रू वेगळे आहेत: मे महिन्याचे ऊन, त्यावर पडणारा पहिला वळीव, भेगेत शिरलेली वड-पिंपळाची मुळे आणि शेजारच्या चालू खाणीतले सुरुंग. भिंत वाचायची एक साधी खूण आहे. वडार मंडळी एका ओळीत भोके पाडून, त्यांत पाचरा मारून दगड सोडवत. अशा ओळीच्या खुणा दिसल्या तर मागचा खडक बहुधा फारसा दुखावलेला नसतो. सुरुंगाचे लांब, अर्धे नळ आणि त्यांच्यापासून फाकलेल्या भेगा दिसल्या तर तिथे दुप्पट सावध राहावे. हाताच्या मुठीने किंवा छोट्या हातोडीने ठोकून पाहावे. भरीव दगड टणक वाजतो, सुटलेला पोकळ, मडक्यासारखा बोलतो.

घरातल्या मुलांना खाणीत जाण्यापासून अडवा, असे आमचे म्हणणे नाही. पण काही गोष्टी विचारून घ्याव्यात. जागेच्या मालकाची परवानगी आहे का? बोल्ट कोणी, केव्हा, कोणत्या धातूचे बसवले, याची नोंद आहे का? वरच्या टोकाला एकाच बोल्टवर भिस्त आहे की दोन वेगवेगळ्या दगडांतल्या दोन बोल्टवर? नट सैल फिरत असेल, हँगर हलत असेल, भोकाभोवती गंजाचा ओघळ असेल तर त्यावर जीव टाकू नये. पावसानंतर निदान काही दिवस भिंतीला विसावा द्यावा. पकड बाहेर ओढण्यापेक्षा खाली दाबावी. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट अशी की वर चढणाऱ्याच्या पायाने सुटलेला दगड खाली दोर धरून उभ्या असलेल्या साथीदारावर येतो. हेल्मेट त्यालाही हवे आणि त्याची उभी राहण्याची जागा थेट रेषेखाली नसावी. बाकीच्यांनी डबे उघडून बसायचे तर भिंतीपासून लांब.

आमची सूचना छोटी आहे. आपल्या मंडळात मूर्तीच्या मांडवाचा हिशेब पै-पैचा ठेवला जातो. मांडव उभारताना खांब, दोर, वीजजोडण्या दरवर्षी नव्याने तपासल्या जातात. गेल्या वर्षी टिकला म्हणून यंदाही टिकेल, असे आपण मांडवाबद्दल कधी म्हणत नाही. मग ज्या कड्यावर आपली मुले चढतात त्याची एक नोंदवही असायला काय हरकत आहे? कोणती भिंत, कोणते बोल्ट, कधी तपासले, कुठे दगड हलतो, एवढेच त्यात लिहायचे. चढणारी तरुण मंडळी आणि बांधकामातले आमच्यासारखे जुने लोक मिळून यंदाच्या दिवाळीपूर्वी ती सुरू करू शकतात. ज्यांना यात हात द्यायचा असेल त्यांनी विसर्जनानंतर मंडळाच्या कार्यालयात आपले नाव द्यावे. विघ्नहर्त्याला साकडे घालावेच, पण पहार आपल्या हाती असू द्यावी.